अर्ध्यात मिळवून अर्ध्याहून कमी कसं होईल?

१ मेला शाळांचे निकाल लागले. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा मुलगा आईबरोबर आमच्याकडे वर आला. नववीत आहे. गणितात १०० पैकी २२, विज्ञानात ३१. प्रगतिपुस्तक त्याने छातीशी घट्ट धरलं होतं, आकडे आत, कोरी बाजू बाहेर. त्याची आई दारातूनच म्हणाली, "ताई, तुम्ही विद्यापीठात शिकलात. आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मी काही न बोलता कपाटातली निळी फाईल काढली. गेली दहा वर्षं ॲडमिशनच्या प्रत्येक खिडकीवर हीच फाईल घेऊन मी उभी राहिले आहे. तिच्या अगदी तळाशी माझं नववीचं प्रगतिपुस्तक आहे. ते त्याच्या हातात दिलं. गणित, १९.

"हे तुमचंय?"

"नाव वाच की."

त्याने नाव वाचलं, मग आकडा, मग परत नाव. आणि पहिल्यांदा स्वतःचं प्रगतिपुस्तक टेबलावर उघडं ठेवलं.

ते दोघं गेल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही. या आठवड्यात किती घरांत असं एखादं प्रगतिपुस्तक उशीखाली, दप्तराच्या तळाशी पडलं असेल. म्हणून लिहायला बसले. माझ्या बाबतीत जे झालं तेवढंच लिहिते.

पाचवीत मी २००९-१० साली होते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाही एका वर्गात मागे ठेवायचं नाही असं ठरलं. मार्कांच्या जागी श्रेणी आल्या, अ-१, ब-२ अशा. माझ्या गणिताच्या रकान्यात बहुतेक वेळा क-२ असायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात भुसार बाजारात तोलणार. ते विचारायचे, "वरच्या वर्गात गेलीस ना?" मी हो म्हणायचे. त्यावर ते सही करायचे.

त्या कायद्यावर माझा राग नाही. आमच्या वर्गातल्या तीन-चार मुली पाचवी-सहावीत नापास झाल्या असत्या तर घरच्यांनी तेव्हाच त्यांची शाळा बंद केली असती. त्या निदान आठवीपर्यंत शिकल्या. पण मूल कुठे अडलंय ते वर्षभर बघत राहायचं आणि तिथल्या तिथे भरून काढायचं, हेही त्याच कायद्यात होतं. साठ-पासष्ट मुलांच्या आमच्या वर्गात ते झालं नाही. मी अडत होते आणि पुढे जात होते. नववीत पुन्हा खरे मार्क मिळू लागले, तेव्हा ते १९ होते. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. त्या परीक्षेनंतर कच्च्या मुलांना खरोखर कोणी जवळ घेऊन शिकवतं का, हे मला त्या परीक्षेहून जास्त महत्त्वाचं वाटतं.

नववीच्या निकालानंतर आठवड्याभरात शाळेने अण्णांना बोलावलं. ज्यांनी शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर आईवडिलांना ताटकळत बसलेलं पाहिलंय त्यांना पुढचं माहीत असेल. शाळा म्हणाली, हिला वर चढवायला आमची हरकत नाही, पण दहावीत हिचं कठीण आहे. तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणं. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, जे कामाला लागले, त्यांच्यासाठी ती चांगलीच सोय आहे, आणि तिचा आधार घेऊन शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. पण रोज शाळेत येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला ती सोय दाखवायचं कारण एकच होतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर जो टक्केवारीचा फलक लागतो, त्यात मी नको होते.

अण्णा सातवी शिकलेले. साहेबांसमोर ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "दाखला नेत नाही. नापास व्हायची असली तर तुमच्याच शाळेतनं होऊ दे." आणि उठले. सायकलवर मागे बसून घरी येताना त्यांच्या सदऱ्याला धान्याच्या पोत्यांचा वास येत होता. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी खूप सुरक्षितही वाटत होतं.

शाळेने जे सांगितलं होतं तेच मार्च २०१५ मध्ये घडलं. दहावीत बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात २४. दत्तवाडीतल्या एका सायबर कॅफेत निकाल पाहिला. दुकानातल्या काकांनी प्रिंट काढली आणि पैसे घेतले नाहीत.

आमच्या आधीच्या मुलांना फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं. २०१५ साली पहिल्यांदा दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायचं ठरलं, म्हणजे वर्ष वाया जायला नको. माझ्या हातात सहा आठवडे होते.

इथे मला आजीबद्दल लिहायचं आहे.

आजी नदीकाठच्या पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. सातवीची परीक्षा द्यायची होती. भाड्याच्या दोन खोल्या गेल्या, भांडीकुंडी गेली, पुस्तकं आणि शाळेचे कागदही गेले. पुढे पर्वतीच्या पायथ्याकडे पूरग्रस्तांच्या वस्तीत घर मिळालं, पण शाळा परत सुरू झाली नाही. असं असूनही हिशेबात आजीचा हात धरणारं घरात कोणी नाही. कारण तिच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी हे सगळे पाढे म्हणून घ्यायचे. १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आणि पाव-अर्धा-पाऊण तोंडी आल्याशिवाय बाजारात पाऊल टाकता येत नव्हतं.

जूनमधली दुपार होती. आजी मेथी निवडत होती आणि मी तिच्याशेजारी बसून जुन्या वहीतली गणितं परत सोडवत होते. मला मोठ्याने वाचायची सवय. म्हटलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच.

आजी थांबली. "म्हणजे किती गं?"

"पाचातले दोन."

"पाचाचं अर्धं किती?"

"अडीच."

"मग दोन म्हणजे अर्ध्याला कमीच की. अर्ध्यात काही मिळवून ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

मी वहीकडे बघत राहिले. वरचे आकडे वर मिळवायचे, खालचे खाली. सहावीपासून मी हेच करत होते. दर वेळी त्यावर लाल फुली यायची. दर वेळी फळ्यावर "लसावि काढा" असं लिहिलेलं असायचं आणि मी ते उतरवून घ्यायचे. लसावि काढायची रीतसुद्धा मला येत होती. तो कशासाठी काढायचा हे मात्र मला माहीत नव्हतं. आणि माझं उत्तर अशक्य आहे, पेनसुद्धा न उचलता कळेल इतकं अशक्य आहे, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

"मग कसं करायचं?" मी विचारलं.

लसावि हा शब्द आजीने कधी ऐकलेला नव्हता. ती विचार करायला लागली. रुपयाचा अर्धा म्हणजे आठ आणे, ते बरोबर. रुपयाचा तिसरा हिस्सा? सोळा आण्यांत तो नीट बसेना. मेथीची जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "रुपयात नाही बसत. डझनात बसेल बघ." डझनाचा अर्धा सहा, तिसरा हिस्सा चार. मिळून दहा. डझनातले दहा.

दहा छेद बारा. पाच छेद सहा. वहीत मागच्या बाजूला उत्तरं होती, ती बघायची गरजच पडली नाही.

लसावि म्हणजे दुसरं काय? दोन्ही हिस्से न फुटता बसतील असं सगळ्यात लहान माप. आजी बारापर्यंत गेली, सहाही चालले असते, पण रस्ता तोच. माझं अख्खं बीजगणित या एका जागी अडून बसलं होतं. समीकरणात छेद आला की मी सोडून द्यायचे. भूमितीत समरूप त्रिकोण आले, गुणोत्तर आलं की सोडून द्यायचे. सगळे म्हणत होते हिला दहावीचं गणित जमत नाही. दहावीचं जमत नव्हतं हे खरंच, पण मोडलं होतं ते पाचवी-सहावीत, आणि मोडलेल्या जागी कोणी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकात गेले आणि बालभारतीची पाचवी, सहावी, सातवी, आठवीची गणिताची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत आणली. पाचवीच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कारण सोळाव्या वर्षी ते कुणी माझ्या हातात पाहावं असं मला वाटत नव्हतं. पाचवीला सहा दिवस लागले, सहावीला आठ, सातवीला सात. आठवी अर्धीच झाली. दहावीच्या पुस्तकाला मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हात लावला नाही. शेजारच्या काकू म्हणत होत्या, परीक्षा दहावीची आणि ही पाचवीचं काय करत बसलीये? मलाही रात्री भीती वाटायची. पण गणितं सुटत होती. एखादं गणित आपलं आपण सुटतं तेव्हा पोटात जे होतं, ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

त्याच दिवसांत पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या. आजीला दोन्हींकडे दर्शनाला जायचं होतं. भवानी पेठेत पालखी विठोबा, तिथून नाना पेठेत निवडुंग्या विठोबा. रांगेत तीन तास उभं होतो. गर्दीत पुस्तक उघडता येईना, म्हणून आजी म्हणाली, पाढे म्हण. औट म्हणजे साडेतीन, हे मला त्या रांगेत कळलं. औट हाताचा देह म्हणतात तो साडेतीन हातांचा. एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. आमच्या पुढे मराठवाड्याकडच्या एक म्हाताऱ्या वारकरी बाई होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुढची औटकी त्याच म्हणायला लागल्या, दहा औट पस्तीसपर्यंत. त्यांनाही ती येत होती!

फेरपरीक्षेत गणितात ४३ मिळाले.

हा आकडा ऐकून आजही लोक "बरं" म्हणतात आणि पुढे बोलायला लागतात. मला त्या ४३ चं मोल माहीत आहे. त्यातला एकही मार्क पाठांतराचा नव्हता.

अकरावीची ॲडमिशन उशिराच्या फेरीत झाली. जिथे जागा शिल्लक होती तिथे, कला शाखेत. विषय निवडतानाही भूगोल मिळाला तो उरला होता म्हणून. पुढचं सगळं आयुष्य ज्या विषयाने घडवलं तो असा माझ्या वाट्याला आला.

भूगोलाच्या मॅडमनी पहिल्याच प्रात्यक्षिकाला भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरला. प्रमाण एकास पन्नास हजार. त्यांनी विचारलं, नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती? वर्गात शांतता. अपूर्णांक नुकताच शिकलेली मी, म्हणून मला ते सोपं गेलं. एक छेद पन्नास हजार. एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास हजार सेंटिमीटर, म्हणजे पाचशे मीटर. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. मी हात वर केला. वर्गात उत्तर देण्यासाठी मी हात वर केला होता, असं त्याआधी कधी झालं होतं ते मला आठवत नाही. मॅडमनी माझ्या हातात शिवणाचा दोरा दिला आणि वळणावळणाचा रस्ता त्या दोऱ्याने कसा मोजायचा ते दाखवलं. दोरा रस्त्यावरून फिरवायचा, चिमटीत धरायचा, सरळ करून पट्टीवर ठेवायचा. इतकी साधी गोष्ट. मी घरी जाऊन हाताला लागेल तो नकाशा मोजत सुटले.

मग समोच्च रेषा आल्या. मुलांना त्या अवघड जातात, आजही मी शिकवते तेव्हा बघते. सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा, ही व्याख्या सगळ्यांची पाठ असते, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. माझ्या डोळ्यांपुढे आजीची पुराची रेघ उभी राहिली. लहानपणी तिने मला एका नातेवाइकांच्या वाड्यात नेऊन दाखवलं होतं, पाणी कुठवर आलं होतं ते. त्या वाड्यात ती खूण जिन्याच्या मध्यावर होती. पलीकडच्या गल्लीत, उंच जोत्याच्या घरात, पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. लहान असताना मला वाटायचं की त्या घरात पाणी कमी आलं. पाणी एकाच पातळीचं होतं, जमीन खालीवर होती. (वाहत्या पुराची पातळी नदीच्या उताराबरोबर थोडी उतरत जाते, हे पुढे शिकले. पण दोन गल्ल्यांपुरतं माझं म्हणणं खरं आहे.) गावातल्या भिंतींवरच्या त्या सगळ्या खुणा जोडल्या असत्या तर जी रेषा मिळाली असती, तीच समोच्च रेषा.

पुणे शहर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ अशा दोन नकाशांवर विभागलं आहे. पेठा पहिल्यावर, दक्षिणेकडचा भाग दुसऱ्यावर. मी पहिल्याची झेरॉक्स घरी नेली आणि आजीला तिची पेठ दाखवली. समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. पेठांच्या जागी मला रेषाच सापडेनात, सगळं एका सपाटीत. म्हणजे आजीचं घर, तिची शाळा, तिची पुस्तकं, हे सगळं दोन रेषांच्या मधल्या जागेत बुडालं होतं. आजीने त्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या दिवशी माझं ठरलं. विद्यापीठ वगैरे शब्द तेव्हा मनात नव्हता. हे शिकत राहायचं, एवढंच ठरलं.

त्यानंतरची वर्षं मी पटापट सांगते, कारण त्यांत कष्ट सोडून वेगळं काही नाही. बारावीला ६५० पैकी ४४५. बीए भूगोल. तिथे संख्याशास्त्र आलं, प्रमाण विचलन, सहसंबंध, आणि पाचवीच्या त्या पुस्तकाने मला तिथेही हात दिला. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि इथून पन्नास-साठ किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर. हे आकडे मी स्वतःच्या हाताने आलेखावर मांडले, आणि घाट ओलांडून येता येता ढग कसे रिते होतात ते त्या उतरत्या रेषेत मला दिसलं. तिसरं वर्ष संपता संपता करोना आला. मार्केट यार्ड कधी बंद, कधी चालू. तोलाई नाही तर घरात पैसा नाही. २०२० ला पदवी हातात आली, पण दोन वर्षं मी झेरॉक्सच्या दुकानात काम केलं आणि संध्याकाळी पाचवी ते सातवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. शेवटचे पाच महिने सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत खुर्ची घेतली. आजूबाजूला सगळे स्पर्धा परीक्षावाले, त्यांच्यात मी एकटी नकाशे घेऊन बसायचे.

२०२२ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागाची प्रवेश परीक्षा दिली. यादीत माझं नाव चौदावं होतं.

कागदपत्रं तपासायला गेले तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. स्वारगेटहून बसला सव्वा तास लागला, कारण विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला होता आणि मेट्रोच्या कामाने सगळा चौक अडलेला होता. फाटकातून आत गेल्यावर एकदम आवाज थांबले. मोठमोठी झाडं, आणि लांबवर मुख्य इमारतीचा मनोरा. इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात तिथे मुक्कामाला असायचा. फाटकावर सावित्रीबाईंचं नाव आहे, ते २०१४ साली दिलं गेलं. १८४८ साली भिडेवाड्यात जिने मुलींना शिकवलं तिचं नाव, आणि माझ्या घरात विद्यापीठापर्यंत आलेली मी पहिली. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले.

खिडकीवरच्या सरांनी निळी फाईल उघडली. पदवीच्या गुणपत्रिका घेतल्या, प्रवेश परीक्षेचा निकाल घेतला, दाखला घेतला. दहावीच्या दोन गुणपत्रिका होत्या, मार्चची आणि जुलैची, त्या त्यांनी एकामागे एक लावून टाचल्या. वर पाहिलं नाही, काही विचारलं नाही. मी सात वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. नववीचं प्रगतिपुस्तक तर फाईलमधून बाहेरच आलं नाही. अकरावीला दहावीचे मार्क बघितले, बीएला बारावीचे, इथे पदवी आणि प्रवेश परीक्षा. प्रत्येक खिडकीने फक्त मागच्याच पायरीचा कागद मागितला.

सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं तर यादी दहावीच्या मार्कांवरच लागते. आणि काही कंपन्या दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे साठ टक्के मागतात. नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीने मला त्याच कारणावरून मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही, एमए झाल्यावर. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते. आता मी एका संस्थेत पाणलोट क्षेत्रांच्या नकाशांचं काम करते आणि आठवड्यातून दोनदा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पण तो नकार विसरलेले नाही, आणि कुणा मुलाला "मार्कांना काही किंमत नसते" असं खोटं सांगत नाही.

खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी काल रविवारी परत बोलावलं. त्याच्यापुढे पाचवी ते आठवीची पंचवीस गणितं ठेवली, सोपी आधी. घड्याळ लावलं नाही. अपूर्णांक त्याने झरझर केले, दशांशही केले. सोळाव्या गणितावर तो थांबला. उणे तीन वजा पाच. बराच वेळ पेन फिरवून त्याने लिहिलं, अधिक आठ.

"कसं काय?"

"मायनस मायनस प्लस."

मी त्याला काही सांगणार तेवढ्यात अण्णा आतून आले. ते आता यार्डात जात नाहीत, गुडघे धरलेत. खुर्ची ओढून बसले आणि त्याला विचारलं, "किराणावाल्याचे तीन रुपये देणं आहेत. आज आणखी पाचाचा माल उधार नेलास. आता तो तुला आठ देईल?"

मुलगा अण्णांकडे बघत राहिला. मग त्याने आठच्या मागची अधिकची खूण खोडली, तिथे उणे लिहिलं, आणि न सांगता वरची आधीची दोन गणितं परत तपासायला घेतली.

जाताना त्याने सांगितलं की शाळेने बाबांना बुधवारी अकरा वाजता बोलावलंय, कसल्यातरी फॉर्मबद्दल. मी सुट्टी टाकली आहे. अण्णा म्हणाले, मीपण येतो, सदरा इस्त्री करून ठेव.